लायटरच्या जागी

नागपूरच्या ज्या मालकाकडून ही जीप घेतली
त्यानं लायटर काढून ठेवला होता.
म्हणाला, "तेवढी आठवण राहू द्या जी माझ्यापाशी."
उरलं ते भोक,
डॅशबोर्डात, अंगठ्याहून थोडं रुंद,
वाकून पाहिलं तर तळाशी चकाकणारी एक टिकली.

वडशाच्या खुशाल मडावीनं टॉर्च धरून
पहिल्यांदा मला आत नेलं.
"हे मधातली टिकली, अधिक.
हे भोवतालची भिंत, उणे.
दोघांच्या मधात हवेशिवाय कोणी नाही पाहिजे."
मी मान हलवली.
न समजलेला माणूस फार लवकर मान हलवतो.

पहिला धडा एक रुपयाला पडला.
शंकरपट पाहून परतताना
कोणाच्या तरी मांडीवरच्या पोरानं
गुल्लक समजून नाणं टाकलं.
नुसतं चट् झालं,
आणि त्याच्यासंगं रेडिओही गेला.
"गाणं काहाले बंद केलं?" पोरगा मलाच विचारे.

मडावीनं आधी चावी काढली,
बॅटरीची उणे तार सोडली,
मग चिमट्यानं नाणं, कडेला काळं पडलेलं.
स्टिअरिंगखालून लाल, दहाचा फ्यूज उपटला,
उन्हात धरला: आतला केस तुटलेला.
"हा मेला म्हणून तुही वायरिंग जगली."
मी म्हटलं, आजच्यापुरती सिगारेटची चांदी गुंडाळू?
तो बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिला.
"भुंकणारा कुत्रा मारून
दारावर त्याचा फोटो लावतोस का बे?
दहाच्या जागी दहा. वीस नाही. तार तर नाहीच."

हिवाळ्यात जीप नाटक मंडळीला लावली.
नायिकेच्या पेटीत ड्रायर, अन् सीताबर्डीवरून आणलेला
छोटा इन्व्हर्टरचा डबा.
मंजिरा म्हणाली, "मुखरूभाऊ, लावा ना याला."
मी तिच्यासमोरच हिशेब केला, बोटांवर:
बारा व्होल्ट, दहा अँपिअर, एकशेवीस.
ड्रायरच्या पाठीवर लिहिलेलं, हजार.
"थोडाच वेळ."
"फ्यूजलेही थोडाच वेळ लागते, बाई."
शेवटी तणसाच्या शेकोटीपाशी तिनं केस वाळवले,
आणि दुसऱ्या अंकात राजवाड्यात शिरली
तेव्हा पुढच्या चटयांपर्यंत धुराचा वास.

शहाणपण असं दुसऱ्याला वाटून
मी त्याच रात्री गाढवीच्या काठच्या गावात
मागच्या सीटवर घोंगडी ओढून झोपलो.
एका भोकातून तीन तोंडांची पट्टी काढलेली,
तिच्यावर सहा मोबाइल,
आणि खलनायकाचं पाय शेकायचं गादीवजा यंत्र.
कोणाकोणाच्या गाडीचं भोक चावी काढली की झोपतं.
माझ्या जीपचं जागंच राहतं.
हे मला मालूम होतं.
मालूम असणं वेगळं.

पहाटे चावी फिरवली: टक्.
परत फिरवली: टक् सुद्धा नाही.
मग धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून
राजा, त्याचा खुनी, हवालदार आणि ढोलकीवाला
जीप ढकलत निघाले.
राजाची मिशी दवानं एका बाजूनं सुटलेली,
खुनी सगळ्यात जास्त जोर लावणारा.
मंजिरा आत, माझ्या शेजारी, सगळे मोबाइल ओट्यात घेऊन.
"शंभर टक्के," ती म्हणाली,
"सगळ्यांचे."

इंजिन धरलं तेव्हा मागून टाळ्या आल्या.
रात्रभरच्या नाटकाला एवढ्या पडल्या नव्हत्या.

आता त्या भोकाला रबरी झाकण आहे,
सायकलच्या ट्यूबचं, मडावीनं कापून दिलेलं.
इंजिन चालू तर चार्जर. बंद तर नाही.
काढताना वायर ओढत नाही, मान धरून काढतो,
अन् आधी बोट लावून पाहतो, प्लग किती तापलाय,
ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं.
चार्जर हातात येतो
तरी त्याचा इवलासा लाल दिवा लगेच नाही जात.
दोन श्वास थांबतो.
मीही थांबतो.